घड्याळ समोर ठेवून कादंबऱ्या लिहिणारा पोस्टातला साहेब: अँथनी ट्रॉलप

मुक्काम_डोंबिवली | ३ फेब्रुवारी, २३:१०

राम राम मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय अँथनी ट्रॉलप. इंग्रजी कादंबरीकार, जन्म १८१५, मृत्यू १८८२, म्हणजे डिकन्स-थॅकरेच्या वेळचा. इंग्रजी घेऊन बीए केलेल्यांना नाव माहीत असतं पण प्रत्यक्ष वाचलेला माणूस फारसा भेटत नाही, मीपण वाचला नव्हता. गेल्या महिन्यात तापाने चार दिवस घरी पडलो होतो तेव्हा त्याचं आत्मचरित्र हाताला लागलं आणि उलट झालं, ताप उतरला पण पुस्तक सुटेना.

तर बाबाने ४७ कादंबऱ्या लिहिल्यात. सत्तेचाळीस! वर प्रवासवर्णनं, गोष्टी, चरित्रं ती वेगळीच. आणि यातली पहिली वीस वर्षं तो ब्रिटिश पोस्टात पूर्णवेळ नोकरीला होता. नोकरी म्हणजे नावाला खुर्ची गरम करायची नाही, घोड्यावर बसून गावोगाव टपालाचे रस्ते तपासत फिरायची.

हे जमवलं कसं ते त्याने स्वतःच सांगून टाकलंय. लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला राहायचा तेव्हा पहाटे साडेपाचला टेबलाशी. त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता, घोड्यांकडे बघणारा, त्याला या कामाचे वर्षाला ५ पौंड जास्तीचे द्यायचा. म्हातारा कॉफी घेऊन यायचा आणि एकदाही उशीर केला नाही म्हणे, ट्रॉलप म्हणतो माझ्या यशाचं श्रेय मी बाकी कोणापेक्षा याला जास्त देईन. मग पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं, आणि नंतर घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. साडेआठला उठायचं, कपडे करायचे, नाश्ता, ऑफिस. वहीत तारखा आखलेल्या, रोज किती पानं झाली त्याची नोंद, आठवड्याची सरासरी ४० पानं, कधी २० वर घसरला तर कधी ११२ पर्यंत गेला, आणि पान म्हणजे बरोब्बर २५० शब्द, मोजलेले. कारण त्याचं म्हणणं, पान म्हटलं की ते पसरट होत जातं, शब्द मोजले की चोरी करता येत नाही.

एक कादंबरी संपली की दुसऱ्या दिवशी पुढची सुरू. स्फूर्ती वगैरेची वाट बघणाऱ्या लेखकांवर तो हसतो, चांभार काय स्फूर्ती येईपर्यंत थांबतो का, लेखकाला स्फूर्तीपेक्षा खुर्चीला लावायचं चांभाराचं मेण जास्त उपयोगी असं काहीसं लिहिलंय. बूड टेकव आणि लिही, इतकंच.

मी ६.५२ ची फास्ट पकडणारा माणूस, "वेळच मिळत नाही हो" हे माझं पेटंट वाक्य आहे त्यामुळे मला हे सगळं जरा लागलंच. कोणी वाचलंय का याला? काय वाटतं?

---

अर्धाकप | ३ फेब्रुवारी, २३:३१

मस्त लिहिलंय, पुढच्या लेखनाला शुभेच्छा. ५ पौंडांत पहाटे उठवणारा माणूस मलापण हवाय. आमच्याकडे हे काम सासूबाई फुकट करतात.

---

खडूस_वाचक | ४ फेब्रुवारी, ००:०४

कॉलेजात होता आम्हाला. कंटाळा. पाद्री लोक चहा पितात, कोण बिशप होणार यावर चारशे पानं, मग आणखी चहा.

आणि हे जे तुम्ही कौतुकाने सांगताय ना त्यानेच तो संपला. मेल्यावर वर्षभरात, १८८३ ला, आत्मचरित्र बाहेर आलं आणि लोकांना कळलं की हा गृहस्थ पीसरेटवर, नगामागे मजुरी घेतल्यासारखा, कादंबऱ्या पाडत होता. वर शेवटी पुस्तकागणिक कमाईचा तक्ता! एकूण ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. अहो पेन्ससकट! वाण्याच्या वहीत आणि यात फरक काय? डोस्टोव्हस्की पैशासाठी लिहायचा पण निदान जुगारात तरी हरायचा.

---

मुक्काम_डोंबिवली | ४ फेब्रुवारी, ००:२०

खडूसराव, जुगारात हरणं ही साहित्यिक पात्रता असेल तर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन नोबेल आहेत.

बाकी तक्ता मला अजिबात खुपला नाही, उलट सगळ्यात आवडला. आत्मचरित्रात पहिल्या पुस्तकांचं अपयशपण तितक्याच शांतपणे मांडलंय. पहिली कादंबरी १८४७ ची, आयर्लंडवरची, तेव्हा मिळकत शून्य. दुसरीच्या ३७५ प्रती छापल्या, १४० खपल्या, प्रकाशकाला ६३ पौंड आणि वर काही शिलिंग-पेनी तोटा. 'द वॉर्डन' १८५५ ची, जिच्यामुळे नाव व्हायला लागलं, तिच्या पहिल्या हिशोबाचे ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स. आणि १८६० ला थॅकरे संपादक असलेल्या कॉर्नहिल मासिकात 'फ्रॅम्ली पार्सनेज' क्रमशः आली तिचे १००० पौंड. ९ पासून १००० पर्यंत यायला पाच वर्षं, पण त्या आधीची दहाबारा वर्षं नुसती कोरडी. कोण सांगतं हो असे आकडे? आपल्याकडे लेखकाला मानधन विचारलं तर तो वयच विचारल्यासारखा लाजतो.

---

सुपारी | ४ फेब्रुवारी, ०९:१२

खडूस यांच्याशी अर्धी सहमत. पण सगळं खापर आत्मचरित्रावर फोडणं बरोबर नाही. त्याचा भाव आधीच उतरला होता. त्याच तक्त्यात बघा, 'कॅन यू फरगिव्ह हर' चे ३५२५ पौंड मिळाले होते साठच्या दशकात, आणि 'द ड्यूक्स चिल्ड्रन' ला १४००, तीच राजकीय मालिका, तेवढीच मेहनत. 'द वे वी लिव्ह नाऊ' १८७५ ची, जी आज बरेच लोक त्याची सगळ्यात भारी कादंबरी मानतात, तिच्यावर तेव्हा टीकाकारांनी नाकं मुरडली होती. शेअरबाजारातला भामटा मेलमॉट, अस्तित्वात नसलेल्या रेल्वेचे शेअर्स विकतो आणि अख्खं लंडन त्याच्या घरी जेवायला जातं, पार्लमेंटात निवडूनसुद्धा देतं. माझे मिस्टर बँकेत आहेत, त्यांना मी गोष्ट सांगितली तर ते म्हणाले ही मागच्या वर्षीची आहे का.

---

अर्धाकप | ४ फेब्रुवारी, १०:४०

हसून हसून पुरेवाट.

बालपण वगैरे काय होतं याचं? साहेबाघरचाच असणार, पोस्टात वशिला लागल्याशिवाय थोडीच घेतलं असेल.

---

मुक्काम_डोंबिवली | ४ फेब्रुवारी, २२:५५

वशिल्यानेच लागला, बरोबर ओळखलंत. पण साहेबाघरचं म्हणाल तर घराचे वासे फिरलेले.

वडील वकील, विद्वान, आणि इतके तिरसट की अशील पळून जायचे. मग शेती करायला गेले, त्यातलं काही कळत नव्हतं, तीही बुडाली. पोराला मात्र हॅरोच्या शाळेत घातलं कारण जवळ राहणाऱ्यांना फी जवळजवळ माफ. म्हणजे लॉर्ड लोकांच्या पोरांत हा चिखलाने भरलेला फुकट्या. घर तीन मैलांवर, दिवसातून दोनदा जाऊन येऊन, असे १२ मैल रोज. एकदा हेडमास्तरांनी रस्त्यात थांबवून विचारलं की इतका घाणेरडा मुलगा आमच्या शाळेचा असू शकतो का? लिहिताना ट्रॉलप साठीचा झालाय, पण हे वाक्य विसरला नाहीये.

आई मात्र जबरदस्त बाई. फ्रान्सिस ट्रॉलप. घर सावरायला अमेरिकेत सिनसिनाटीला गेली, तिथे मोठं दुकान काढलं, बुडालं. परत आली, आणि तिथल्या लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिलं, १८३२, अमेरिकन भडकले आणि इंग्लंडात धो धो खपलं. बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, हे पहिलं पुस्तक! त्यानंतर चाळीसेक पुस्तकं लिहिली.

तरीपण १८३४ ला कर्ज इतकं की वडिलांना अटक व्हायची वेळ आली. एका सकाळी त्यांनी अँथनीला सांगितलं मला गाडीने लंडनला सोड, बोटीवर बसेपर्यंत कारण नाही सांगितलं. हा परत घरी येतोय तर घरात जप्तीवाले. आणि त्याच्या बहिणी आणि शेजारच्या मुली कुंपणातल्या फटीतून आईच्या आवडीच्या कपबशा, पुस्तकं, चांदीची दोनचार भांडी पलीकडे पोचवतायत. हासुद्धा त्यात लागला.

मग सगळं कुटुंब बेल्जियममध्ये ब्रूजला. तिथे मोठा भाऊ हेन्री क्षयाने आजारी, वडील खंगत चाललेले, आणि आई रात्रंदिवस शुश्रूषा करता करता कादंबरी लिहितेय कारण घर त्यावर चाललंय. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत एकाच टेबलावर. पहाटे चारला उठायची ती, घरातली बाकीची उठायच्या आत त्या दिवसाचं लिखाण उरकलेलं असायचं. हेन्री त्याच वर्षी गेला, वडील पुढच्या.

खडूसराव, पीसरेट म्हणालात ना, तो इथून आला.

---

सुपारी | ४ फेब्रुवारी, २३:२०

हे वाचून पाच मिनिटं गप्प बसले. आईवर वेगळा धागा काढा.

---

खडूस_वाचक | ५ फेब्रुवारी, ००:११

आईबद्दल आदर आहे. माझा मुद्दा कादंबऱ्यांचा होता, तो तसाच आहे. दुःखी बालपणाने वाक्य सुधारत नाही.

---

निवृत्त_टपाली | ५ फेब्रुवारी, ०६:१५

नमस्कार. मी ३६ वर्षे टपाल खात्यात काढली, त्यातली अकरा आरएमएसला, म्हणजे रेल्वेच्या डब्यातल्या टपालसेवेत. या माणसाचे नाव आमच्या खात्यातल्या एका जुन्या साहेबांकडून ऐकले होते, लेखक म्हणून नव्हे, पत्रपेटीवाला म्हणून.

रस्त्यात उभी असते ती लाल पेटी, ती ब्रिटनमध्ये आणण्यात याचा हात आहे. १८५१ साली याला चॅनेल बेटांवर पाठवले होते, जर्सी आणि गर्न्सी. तिथे टपाल बोटीने येणार जाणार, बोट समुद्राच्या मर्जीने, म्हणून पत्र टाकायला लोकांना वेळीअवेळी पोस्टात धावावे लागे. याने वरती अहवाल पाठवला की फ्रान्समध्ये रस्त्याच्या कडेला पेट्या आहेत तशा इथे लावून बघा. कल्पना त्याची स्वतःची नव्हे, फ्रान्समधली, पण आणा म्हणणारा हा. नोव्हेंबर १८५२ मध्ये जर्सीत सेंट हेलियर गावात पहिल्या चार पेट्या लागल्या.

गंमत म्हणजे त्याच १८५२ ला आपल्या बाजूला सिंधमध्ये बार्टल फ्रियरने सिंध डाक तिकिटे काढली, आशियातली पहिली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात. हेच फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले.

यांच्या भरतीची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून? ती सांगा, आमच्या खात्याची शान आहे.

---

मुक्काम_डोंबिवली | ५ फेब्रुवारी, ०७:०५ (लोकलमधून)

काका दंडवत! तुमच्यासारख्या माणसासाठीच धागा काढला होता असं समजा.

भरती अशी. १८३४, वय १९, लंडनचं मुख्य पोस्ट, वर्षाला ९० पौंड. साहेबांनी सांगितलं पेपरातला उतारा बोरूने उतरवून दाखव. याने शाई सांडली, डाग पाडले, स्पेलिंगं चुकवली. गणित येतं का? थोडं थोडं. बरं, उद्या घरून सुंदर अक्षरात काहीतरी लिहून आण, आणि गणिताची तोंडी परीक्षा घेऊ. हा घरी गेला, रात्री दुसरा मोठा भाऊ टॉम याच्या देखरेखीखाली गिबनच्या इतिहासातली चारपाच पानं घोटून घोटून उतरवली. दुसऱ्या दिवशी घेऊन गेला तर कोणी बघितलंच नाही. टेबल दाखवलं, म्हणाले बस. गणिताचं नावही नाही. पुढे सरकारी भरतीला स्पर्धा परीक्षा असाव्यात असं सगळे म्हणायला लागले तर हा ठाम विरोधात, कारण परीक्षा असती तर मी लागलोच नसतो!

पहिली सात वर्षं मात्र वाईट. रोज उशिरा, साहेबाच्या शिव्या, डोक्यावर कर्ज. एका शिंप्याचं १२ पौंडांचं बिल सावकाराकडे गेलं आणि फुगत फुगत २०० च्या वर. तो सावकार रोज ऑफिसात येऊन खुर्चीमागे उभा राहायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, जरा वेळेवर देत चला हो. हा माणूस नंतर त्याच्या कादंबरीत आलाय, जसाच्या तसा.

दिवा स्टेशन गेलं, गर्दी वाढली, बाकी रात्री.

---

थेम्सकाठची | ५ फेब्रुवारी, १४:४८

मी गेली नऊ वर्षं इंग्लंडात, सॉल्सबरीपासून तासाभरावर. त्याच्या पाद्री लोकांवरच्या कादंबऱ्यांची, म्हणजे बार्सेटशायर मालिकेची, सुरुवात तिथेच झाली. पोस्टाच्या कामाने आला होता, उन्हाळ्यातली संध्याकाळ, कॅथेड्रलच्या आवारात भटकत होता आणि 'द वॉर्डन' सुचली. ते आवार मी कितीतरी वेळा फिरलेय. मध्ये मोठं हिरवळीचं पटांगण, भोवती पाद्री लोकांची जुनी घरं, आणि वर तो मनोरा, १२३ मीटर, ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सगळ्यात उंच. आत गेलं की शहराचा आवाज एकदम बंद होतो. बाहेरच्या जगात काहीही होवो, आत कोणाला कुठलं घर आणि किती पगार यावर कुजबुज चालू असणार असं वाटतं खरंच. आपल्याकडच्या एखाद्या संस्थानिक देवस्थानची पुजाऱ्यांची आळी आठवा, तीच हवा.

खडूस, तुम्ही म्हणालात पाद्री चहा पितात. बरोबर आहे, पण देवाबद्दल तो जवळजवळ काही लिहीतच नाही! सगळं बदल्या, बढत्या, पगार आणि बायकांचं राजकारण. म्हणजे ऑफिसच की ते. ट्रॉलप स्वतः म्हणतो मी तेव्हा कुठल्या पाद्र्याच्या निकटच्या ओळखीतला नव्हतो, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा मोठा पाद्री) मी डोक्यातून काढला. पण कुठून काढला असेल? पोस्टातल्या साहेबांवरूनच ना. रोलंड हिलशी, म्हणजे एका पेनीत पत्र पोचवायची पद्धत आणणाऱ्या पेनी पोस्टवाल्याशी, याचं कधी पटलं नाही.

---

निवृत्त_टपाली | ५ फेब्रुवारी, १९:३०

थेम्सकाठची ताई, अगदी मनातले बोललात. सर्कल ऑफिस आणि बिशपचा वाडा, फरक फक्त टोपीचा.

त्याच्या कामाबद्दल थोडे अजून. १८४१ मध्ये आयर्लंडला बदली मागून गेला, बॅनाघर नावाच्या गावी. तिथे माणूस पालटला. लंडनहून त्याच्याबद्दल वाईट शेरा गेला होता, पण तिथल्या साहेबाने सांगितले मी तुझे काम बघून ठरवीन. भत्ता मैलावर, मैलाला सहा पेन्स. घोडा घेतला, शिकारीचा नाद लागला, लग्न झाले (१८४४, रोझ हेझेल्टाइन), लिहायला लागला.

पुढे इंग्लंडच्या पश्चिम भागात खेड्यांचे टपाल बसवायचे काम दोन वर्षे केले. दर खेड्यात, वाडीवस्तीवर पत्र दारात पोचले पाहिजे हा ध्यास. स्वतः घोड्यावरून पोस्टमनची वाट चालून बघायचा. पोस्टमनला दिवसाला १६ मैलांपेक्षा जास्त चालवायचे नाही हा नियम होता. काही ठिकाणी पोस्टमन दारात पत्र देताना वरती एक पेनी उकळायचे ते याने बंद पाडले. शिकारीच्या पोशाखात भल्या सकाळी शेतकऱ्याच्या दारात उभा राहून विचारायचा, तुमची पत्रे कधी येतात, कोण आणतो, पैसे घेतो का? शेतकरी घाबरायचे.

मला वाटते कादंबऱ्या इथून आल्या. शंभर घरांच्या उंबऱ्यावर उभे राहिलेला माणूस आहे हा. पोस्टमनला विचारा, कोणाच्या घरात काय चालले आहे ते पाकिटावरच्या अक्षरावरून सांगेल.

अजून एक. आयर्लंडात ट्राली गावी पैशाची पाकिटे गहाळ व्हायची. याने सोन्याच्या नाण्यावर खूण केली, पाकिटात घातले, टपालात टाकले आणि मागावर राहिला. ट्रालीत पाकीट गायब, नाणे तिथल्या कर्मचारी बाईकडे सापडले. आम्ही पण टेस्ट लेटर टाकायचो, पण कोर्टात जायची वेळ आली की पोटात गोळा. हा १८४९ मध्ये साक्षीला उभा राहिला, समोर आयझॅक बट सारखा नामांकित वकील. बटने याची कादंबरीच काढली, त्यातल्या वकिलाच्या वर्णनावरून टोमणे मारायला लागला. आणि हा खूष, कारण कोणीतरी वाचली होती!

---

अर्धाकप | ५ फेब्रुवारी, १९:४४

काका तुम्हीच लेखमाला लिहा. शेवटच्या वाक्याला खुर्चीतून पडले.

---

मुक्काम_डोंबिवली | ५ फेब्रुवारी, २३:०२

काका, आरएमएसवाले तुम्ही, म्हणून हे खास तुमच्यासाठी. कामाचा सगळा प्रवास रेल्वेने व्हायला लागल्यावर त्याने मांडीवर ठेवायची छोटी फळी करून घेतली आणि डब्यात बसून पेन्सिलीने लिहायला लागला. 'बार्चेस्टर टॉवर्स' चा बराचसा भाग असाच झालाय. सुरुवातीला समोरच्या प्रवाशांची लाज वाटायची म्हणे, नंतर सवय झाली. घरी आल्यावर बायको शाईने उतरवून काढायची. रोझबाईंना एका वाक्यात गुंडाळतात सगळे, पण पहिली वाचक तीच, आणि आत्मचरित्रात तिच्याबद्दल तो फार बोलत नाही, लग्न झालं ते इतर लोकांच्या लग्नासारखंच होतं म्हणून पुढे जातो. राग आला मला इथे.

मी आज ६.५२ ला हा प्रयोग केला. मांडीवर बॅग, बॅगेवर वही. दिवा स्टेशनापर्यंत चार ओळी, मग एका काकांनी वहीवर डबा ठेवला.

---

निवृत्त_टपाली | ६ फेब्रुवारी, ०६:०२

आम्ही डब्यात उभ्याने, समोर खणांची फळी, पिवळा दिवा, गाडी हलतेय आणि हात पत्रे खणात टाकतोय. वाचायलासुद्धा सवड नव्हती. त्याला बसायला जागा होती हे विसरू नका.

---

सुपारी | ६ फेब्रुवारी, ११:२५

सगळे आरती ओवाळताय तर थोडा कडू काढा देते. १८५९ चं त्याचं वेस्ट इंडीजवरचं प्रवासवर्णन वाचा. तेपण पोस्टाच्या कामावर गेला असताना लिहिलेलं. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचवत नाही, आळशी आहेत, कामाला लावलं पाहिजे वगैरे. दारात उभं राहून माणूस ओळखणारा हा, पण उंबरा इंग्रजाचा असेल तरच. ज्यू पात्रांबद्दलही तेच.

आणि हिंदुस्थान त्याच्या कादंबऱ्यांत म्हणजे लॉर्ड फॉन या हिंदुस्थान खात्याच्या उपमंत्र्याच्या टेबलावरची फाइल. 'द युस्टेस डायमंड्स' मध्ये एका संस्थानिकाचा प्रश्न पार्लमेंटात येतो, संस्थानिकाचं नाव 'सवाब ऑफ मायगॉब', म्हणजे सरळ टिंगल. ती टिंगल पार्लमेंटची आहे असं म्हणता येईल, आणि आहेही थोडीफार. पण त्या सवाबाचं पुढे काय झालं याची काळजी लेखकालाही नाही.

---

थेम्सकाठची | ६ फेब्रुवारी, १३:१०

हे मान्यच. वेस्ट इंडीजचं पुस्तक मीही अर्ध्यात ठेवलं. तो स्वतः त्याला आपलं उत्तम पुस्तक समजायचा हे आणखी वाईट.

---

निवृत्त_टपाली | ६ फेब्रुवारी, १८:४०

सुपारी ताईंचे बरोबर आहे. पण हिंदुस्थानशी त्याचा एक खरा संबंध आला, कादंबरीत नव्हे, कामात. १८५८ मध्ये त्याला इजिप्तला पाठवले. सुएझ कालवा व्हायच्या अकरा वर्षे आधी. विलायतेची डाक बोटीने अलेक्झांड्रियाला, तिथून जमिनीवरून सुएझला, तिथून परत बोटीने मुंबईकडे. मधला तुकडा उंटांवरून जायचा. आता रेल्वे होत होती, तर थैल्या रेल्वेने न्यायचा करार करायचा. समोर इजिप्तचा मुत्सद्दी नुबार बे. ट्रॉलप म्हणे डाक २४ तासांत सुएझला पोचली पाहिजे, नुबार म्हणे ४८ लागतील, नाहीतर सर्वनाश होईल. रोज हॉटेलात येऊन हुक्का ओढत हेच. ट्रॉलप अडून बसला आणि २४ वरच सही झाली.

म्हणजे १८५८ नंतर मुंबईत ज्याला ज्याला विलायतेचे पत्र एक दिवस लवकर मिळाले, त्यात याचा वाटा आहे. विसरू नका, सत्तावन्नच्या धामधुमीनंतरचे वर्ष, त्या डाकेत काय काय हुकूम असतील.

---

मुक्काम_डोंबिवली | ६ फेब्रुवारी, २३:३०

आणि त्याच मुक्कामात 'डॉक्टर थॉर्न' संपवली, दुसऱ्या दिवशी 'द बर्ट्राम्स' सुरू! जातानाच्या बोटीवर लिहिताना मळमळ व्हायची, मध्येच उठून केबिनमध्ये ओकून यायचा आणि परत टेबलाशी. 

उरलेलं पटापट. १८६४ ला वरची जागा रिकामी झाली, डावलला गेला. १८६७ ला राजीनामा दिला, साठीआधी सोडल्यामुळे पेन्शनवर पाणी, पण त्या पेन्शनइतकं उत्पन्न येईल एवढे पैसे आधी लिखाणातून बाजूला टाकले होते. मग खासदार व्हायची हौस, १८६८ ला बेव्हर्लीतून लिबरल म्हणून उभा राहिला, ४०० पौंड घालवले आणि चौघांत चौथा. त्या गावात मतं विकत घ्यायची इतकी रीत होती की नंतर चौकशी बसली आणि मतदारसंघच रद्द झाला. हे सगळं पुढे कादंबरीत आलंच. वाया काही घालवायचं नाही, ओकारी सोडून.

---

अर्धाकप | ७ फेब्रुवारी, १०:०२

आणि मिसेस प्राउडी? बिशपच्या बायकोला म्हणे वाचकांच्या सांगण्यावरून मारलं?

---

थेम्सकाठची | ७ फेब्रुवारी, १३:३३

सांगण्यावरून नाही, चोरून ऐकून! लंडनच्या अथीनियम क्लबात लिहीत बसला होता. शेजारी दोन पाद्री हातात मासिकं घेऊन याच्याच कादंबरीला नावं ठेवतायत, तीच तीच पात्रं काय आणतो, ती मिसेस प्राउडी तर नकोच झालीय. हा उठला, मीच तो म्हणाला, आणि घरी जाऊन या आठवड्यात तिला मारतो म्हणून सांगितलं. ते बिचारे गोरेमोरे. आणि खरंच 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट' मध्ये मारली. नंतर मात्र जन्मभर हळहळला, तिच्या भुताच्या संगतीत मी अजून असतो असं लिहिलंय. ती मेल्यावर बिशपचा जो प्रसंग आहे ना, इतकी वर्षं बायकोच्या धाकात काढलेला माणूस, सुटलो म्हणावं की एकटा पडलो म्हणावं त्याला कळतच नाही. शब्द मोजून लिहिलेलं आहे हे. पाव तासाला अडीचशे.

---

सुपारी | ७ फेब्रुवारी, १३:५०

स्पॉइलर अलर्ट द्यायचा की गं!! मी चौथ्या भागावर आहे.

---

थेम्सकाठची | ७ फेब्रुवारी, १३:५२

पुस्तक १८६७ चं आहे ताई, माफी असावी.

---

खडूस_वाचक | १९ फेब्रुवारी, ००:४७

धागा वर काढतोय. कोणी काही बोलायच्या आत सांगतो, 'द वॉर्डन' फक्त छोटी आहे म्हणून घेतली.

मधली वर्तमानपत्रावरची प्रकरणं कंटाळवाणी आहेत. डिकन्सची टिंगल केलीय ती पोरकट आहे. भाषेत काही विशेष नाही हे माझं मत कायम.

पण तो म्हातारा हार्डिंग. बारा गरीब म्हाताऱ्यांच्या आश्रमाचा प्रमुख, वर्षाला ८०० पौंड घेतो, आणि एक दिवस पेपरात येतं की हे पैसे खरं तर त्या म्हाताऱ्यांचे आहेत. वकील म्हणतो कायदा तुमच्या बाजूने आहे, जावई आर्चडीकन म्हणतो गप्प बसा. याला एकच प्रश्न, पण मला ते घ्यायचा हक्क आहे का? त्याला चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) वाजवायचा नाद, आणि घाबरला की हा समोर नसलेला चेलो वाजवतो. हळूच, खुर्चीखाली हात, दोन बोटं हलतायत. लंडनला जावयाला चुकवून अख्खा दिवस भटकतो, वेळ जावा म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये जाऊन बसतो, आणि रात्री दहाला त्या बड्या वकिलासमोर उभं राहून सांगतो मी राजीनामा देतोय. आणि हे सांगताना तो हवेत चेलो वाजवायला लागतो, जोरजोरात, दोन्ही हातांनी, वकील बघतच राहतो.

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते. काय झालं ते इथे सांगत नाही. पण ते बोलायच्या आधी टेबलाखाली बोटांवर काहीतरी मोजायचे.

आणि राजीनाम्याने त्या बारा जणांना काय मिळतं तर काही नाही. उलट हार्डिंग त्यांना रोज स्वतःच्या खिशातून दोन पेन्स जास्त द्यायचा, ते बंद होतात. हे त्याने एकदाही आवाज न चढवता लिहिलंय.

पुढचं कुठलं घेऊ?

---

मुक्काम_डोंबिवली | १९ फेब्रुवारी, ०६:५४

बार्चेस्टर टॉवर्स. मिसेस प्राउडी पहिल्यांदा तिथेच येते. माझ्याकडे जास्तीची प्रत आहे, मुंबईकडे असाल तर व्यक्तिगत निरोप करा.

---

निवृत्त_टपाली | १९ फेब्रुवारी, ०७:२०

पोस्टाने पाठवा. आमच्या वेळी पुस्तक बुक पोस्टने जायचे, पाकीट न चिकटवता, एक बाजू उघडी ठेवून.